बहुकक्ष उपग्रह दूरचित्रवाणी जोडणी

बहुकक्ष उपग्रह दूरचित्रवाणी जोडणी म्हणजे एकाच डिश अँटेनावरून घरातील एकाहून अधिक दूरचित्रवाणी संचांना स्वतंत्रपणे संकेत पुरविण्याची पद्धत होय. भारतात खासगी डीटीएच सेवा २००३ मध्ये, तर दूरदर्शनची मोफत सेवा २००४ मध्ये सुरू झाली.

कार्यपद्धती

डिशसमोरील एलएनबी केयू पट्ट्यातील (१०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ) लहरींची वारंवारता ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत उतरवतो आणि ७५ ओहमच्या आरजी-६ केबलमधून त्या सेट-टॉप बॉक्सकडे पाठवतो. बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला वीज पुरवतो. १३ व्होल्ट दिल्यास उभ्या, तर १८ व्होल्ट दिल्यास आडव्या ध्रुवणाचे संकेत मिळतात. त्यामुळे दोन्ही ध्रुवणे वापरणाऱ्या सेवेत साध्या स्प्लिटरने दोन बॉक्स जोडल्यास एकाने १८ व्होल्ट पुरवताच दुसऱ्यावरील उभ्या ध्रुवणाच्या वाहिन्या बंद पडतात.

जोडणीचे प्रकार

दोन संचांसाठी दोन जोडमुखांचा, तर चारांसाठी चार जोडमुखांचा एलएनबी वापरतात. प्रत्येक संचाला वेगळा बॉक्स व एलएनबीपासून वेगळी केबल लागते. अनेक सदनिकांच्या इमारतीत गच्चीवर मल्टिस्विच बसवून हेच काम होते.

दिवा येथील स्थिती

ठाणे महानगरपालिका हद्दीतील दिवा येथून डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह (९३.५ अंश पूर्व) आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारे ५७ अंशांवर असतो. त्या दिशेस लगतची इमारत आड येत असल्यास खिडकीऐवजी गच्चीवर डिश बसवावी लागते. मुसळधार पावसात केयू लहरी क्षीण होतात. एफ-कनेक्टरमध्ये पाणी शिरल्यास मात्र पाऊस थांबल्यावरही बिघाड कायम राहतो. म्हणून बाहेरील जोड जलरोधक पट्टीने बंद करतात.