विलगीकरणाचे चौसष्ट दिवस

पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा सजवून, वाजतगाजत गावाच्या शिवेपार नेऊन सोडण्याची चाल आपल्याकडील पुष्कळ गावांत होती. गाडा गेला म्हणजे रोगही गेला, अशी त्यामागील श्रद्धा. पलीकडच्या गावाने तो गाडा आणखी पुढच्या शिवेवर लोटावा, असा त्याचा प्रवास चाले. पटकी दूषित पाण्यातून पसरते हे ज्ञान झाले आणि गाडा हळूहळू थांबला. परंतु रोगाला आपल्या शिवेबाहेर घालविण्याची बुद्धी काही मनातून गेली नाही. एड्सने या देशात पाऊल टाकले तेव्हा ती पुन्हा जागी झाली, आणि या खेपेस गाड्यावर देवीऐवजी जिवंत माणूस बसविण्यात आला.

१९८६ साली मद्रासमध्ये रिमांड होममधील स्त्रियांचे रक्त तपासताना एच.आय.व्ही.चा या देशातील पहिला पुरावा हाती आला. ज्या दोघींच्या परिश्रमाने तो मिळाला त्यांपैकी सेल्लप्पन निर्मला या तरुण विद्यार्थिनी होत्या आणि त्यांच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सॉलोमन. डॉ. सुनीती या माहेरच्या गायतोंडे. चामड्याच्या व्यापारानिमित्त मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावाने संशोधन व शुश्रूषेची संस्था उभारली. ज्या रोग्यांना इतरत्र दाराशीही उभे करीत नसत, त्यांच्यासाठी तिचे दार उघडे राहिले.

गोव्यात मात्र त्याच काळात उलटा प्रकार घडला. सार्वजनिक आरोग्याच्या १९८५ च्या कायद्यात दुरुस्ती करून एच.आय.व्ही.बाधितास सक्तीने विलग ठेवण्याची तरतूद करण्यात आली होती. बारदेशातील पर्रा गावचे डॉमिनिक डिसोझा हे नियमाने रक्तदान करणारे तरुण. त्या दान केलेल्या रक्तातच दोष आढळला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्यांना नेले आणि म्हापशाच्या एका जुन्या क्षयरुग्णालयाच्या इमारतीत चौसष्ट दिवस कोंडून ठेवले. त्यांच्या मातोश्री लूसी यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे धाव घेतली. सुटका झाली, कायद्यातील सक्तीच्या जागी अधिकाऱ्याचा विवेक आला, तथापि विलगीकरणाचे तत्त्व न्यायालयाने अवैध ठरविले नाही. डॉमिनिक १९९२ च्या मे महिन्यात निवर्तले. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने आकारास आलेली ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था त्यांच्यामागे राहिली.

या विलगीकरणाने कोणाचे रक्षण झाले? हा विषाणू सोबत बसल्याने, एका पंक्तीत जेवल्याने वा हवेतून पसरत नाही. तो पसरतो तो असुरक्षित शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, एकाची सुई दुसऱ्याने वापरल्याने आणि बाधित मातेकडून बाळाला. तपासणीस गेल्यास कोंडून घालतात हे एकदा कळले म्हणजे कोण तपासणीस जाईल? जो लपतो त्याच्यापर्यंत औषध पोचत नाही, आणि रोग मात्र पोचतो.

याच्या नेमका उलट धडा सांगलीने दिला. मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून तेथील वेश्यावस्तीत काम आरंभिले. उपदेशक बाहेरून न आणता त्या वस्तीतील स्त्रियांनीच निरोध वाटावे, आजारी मैत्रिणीस दवाखान्यात न्यावे, अशी ती रीत होती. १९९६ साली त्याच स्त्रियांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ स्थापन केली. ज्यांना समाजाने रोगाचे कारण म्हटले, त्याच रोगनिवारणाच्या कार्यकर्त्या झाल्या.

येथे देवस्थानांशी संबंध असलेल्या आम्हां मंडळींनी क्षणभर थांबून आत पाहावयास हवे. या प्रांतातील अशा वस्त्यांत पोचलेल्या कितीतरी स्त्रिया बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या यल्लम्माला लहानपणी वाहिलेल्या होत्या. देवदासीप्रथेस आळा घालणारा मुंबई इलाख्याचा कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा आणि महाराष्ट्राचा २००५ चा. इतके कायदे व्हावे लागले, यावरूनच प्रथेचा चिवटपणा ध्यानी यावा. देवाच्या नावाने जिला घराबाहेर काढले, तिच्या आजारपणात ‘ती आमची नव्हे’ असे म्हणण्याचा अधिकार आपणांस कोठून येतो?

औषधांचीही कथा अशीच आहे. एड्सला आवर घालणाऱ्या तीन औषधांच्या उपचारास पाश्चात्य देशांत वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येत असे. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तोच उपचार धर्मादाय संस्थेस वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारी रुग्णालयांत ही औषधे विनामूल्य मिळू लागली. २०१७ चा एच.आय.व्ही.विषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला. संमतीवाचून तपासणी करणे आणि नोकरी, शिक्षण वा उपचार यांत भेदभाव करणे त्याने निषिद्ध ठरविले. डॉमिनिक यांच्या कोठडीपासून हे अंतर चालावयास एकोणतीस वर्षे लागली.

हेपेटायटिस-सी हा या रोगाचा मुका सोबती. त्याचा विषाणू १९८९ सालीच ओळखला गेला. तो वर्षानुवर्षे गुपचूप यकृत पोखरतो. सुईवाटे तो एच.आय.व्ही.पेक्षाही सहज पसरतो. म्हणून शहरातील पुलाखाली, रेल्वेरुळांकाठी अमली पदार्थ टोचून घेणाऱ्यांत दोन्ही रोग एकत्र नांदतात. एड्सचे औषध जन्मभर घ्यावे लागते. हेपेटायटिस-सी मात्र नव्या गोळ्यांनी बहुधा बारा आठवड्यांत, शंभरांतील पंचाण्णवांच्या आसपास रोग्यांत, समूळ बरा होतो. २८ जुलै २०१८ रोजी आरंभिलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. पण ज्याच्याजवळ पत्ता नाही, कागद नाही, आणि ज्याला रांगेतच हिडीसफिडीस होते, त्याला विनामूल्य औषधही महागच पडते. म्हणूनच गायतोंडे यांच्या नावाच्या त्या संस्थेने पुढे अनेक शहरांत अशा लोकांकरिता स्वच्छ सुया, व्यसनावरील उपचार आणि दोन्ही रोगांची तपासणी एकाच छपराखाली आणण्याचा प्रयोग केला.

आमच्या देवळांतून उत्सवांना अन्नसंतर्पण होते. पंक्तीला बसणाऱ्याचे रक्त कोणी तपासत नाही. त्याच अग्रशाळेत वर्षातून एक दिवस सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांना बोलावून गुप्ततेने तपासणी करविणे, आणि बाधित पुजाऱ्यास, वाजंत्र्यास वा झाडलोट करणाऱ्या बाईस कामावरून दूर न करणे, एवढे तरी कोणत्याही देवस्थान समितीच्या आवाक्यातले आहे. मरीआईचा गाडा शिवेपार लोटणाऱ्या पूर्वजांना रोगाचे कारण ठाऊक नव्हते. आपणांस ते ठाऊक आहे. तेव्हा गाडा लोटण्याचे निमित्त आता आपल्यापाशी उरलेले नाही.