सरस्वतीभवनाचे ग्रंथपाल : महामहोपाध्याय गोपीनाथ कविराज

आपल्या ज्ञातीतील घराण्यांचे कुलवृत्तान्त चाळू लागले म्हणजे एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. अमुक पूर्वजांस श्रीविद्येचा उपदेश होता, तमुक घरी नाथपंथाची दीक्षा चालत आलेली होती, असे एक वाक्य येते आणि विषय तेथेच संपतो. उपदेश कोणाकडून मिळाला, पाठ कोणत्या पोथीवरून होत असे, ती पोथी पुढे कोठे गेली, यांविषयी अवाक्षरही नसते. गुरूंनी गुप्ततेची आज्ञा केली, वडिलांनी ती निष्ठेने पाळली, मुलांस संस्कृत येईना आणि नातवांनी पोथी गंगार्पण केली. गुप्ततेच्या आज्ञेचे हे फळ आज्ञा देणाऱ्या गुरूंच्या मनात खचित नसेल. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेत आमच्या ज्ञातीबाहेरच्या, किंबहुना महाराष्ट्राबाहेरच्या एका ग्रंथपालाचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे. स्वतः दीक्षित असूनही गुप्त संप्रदायांचा इतिहास लिहिणाऱ्या या पुरुषाचे नाव महामहोपाध्याय गोपीनाथ कविराज होय.

कविराजांचा जन्म ७ सप्टेंबर १८८७ रोजी पूर्व बंगालात, ढाका जिल्ह्यातील धामराई येथे झाला. पित्याचे छत्र त्यांस लाभलेच नाही. वैकुंठनाथ पुत्रजन्मापूर्वीच निवर्तले. ढाक्यास शालेय शिक्षण आणि जयपूरच्या महाराजा कॉलेजात पुढील अध्ययन करून ते १९१० साली काशीस आले. तेथील क्वीन्स कॉलेजात आर्थर व्हेनिस या विद्वान प्राचार्यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला आणि १९१३ साली अलाहाबाद विद्यापीठाच्या एम. ए. परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला. दुसऱ्याच वर्षी त्यांची नेमणूक सरस्वतीभवन या ग्रंथालयावर झाली.

सरस्वतीभवन म्हणजे काशीच्या संस्कृत पाठशाळेचा पोथीसंग्रह. ही पाठशाळा जोनाथन डंकन याने १७९१ साली स्थापिली. पोथ्यांचा संग्रह वाढत गेला तेव्हा त्यासाठी स्वतंत्र इमारत बांधण्यात आली व ती १९१४ साली पुरी झाली. आज हा संग्रह लाखाच्या घरात आहे. पाठशाळेचे १९५८ साली विद्यापीठ झाले व १९७४ पासून ते संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय या नावाने ओळखले जाते.

काशीच्या ग्रंथसंग्रहांचा विषय निघाला असता आम्हां महाराष्ट्रीयांस कवींद्राचार्य सरस्वतींचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. गोदातीरीचे हे ऋग्वेदी ब्राह्मण संन्यास घेऊन काशीस राहिले. शहाजहान बादशहाकडून काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर त्यांनी उठवून घेतला आणि त्याबद्दल पंडितांनी त्यांस जी स्तुतिपद्ये अर्पण केली त्यांचा संग्रह १९३९ साली पुण्यास छापला गेला. त्यांचा ग्रंथसंग्रह विख्यात होता. स्वामींच्या पश्चात तो फुटला. त्यांच्या नावाचा शेरा असलेल्या पोथ्या आज ठिकठिकाणी, विशेषतः बिकानेरच्या अनूप ग्रंथालयात, आढळतात. परंतु संग्रहाची यादी राहिली. दोन हजारांवर ग्रंथनामांची ही यादी १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. ग्रंथ गेले आणि यादी उरली! तरीही सतराव्या शतकात काशीस एका महाराष्ट्रीय संन्याशाजवळ काय काय होते हे त्या यादीमुळेच आज सांगता येते.

कविराजांच्या हाती आलेले काम या यादीहून पुष्कळ कठीण होते. गुप्त संप्रदायांच्या पोथ्या इतर शास्त्रांच्या पोथ्यांसारख्या नसतात. न्यायाचा किंवा व्याकरणाचा ग्रंथ असेल तर कर्ता आपले नाव, गाव, पिता, प्रसंगी शकही सांगतो. आगमग्रंथ मात्र शिवाने पार्वतीस सांगितलेला असतो! मंत्र सरळ लिहिलेला नसतो. अक्षराऐवजी देवतेचे किंवा तत्त्वाचे नाव योजून तो असा गुंफतात की दीक्षिताखेरीज इतरांस त्यातील अक्षरे उमगू नयेत. अशा वाङ्मयाचा कालक्रम लावावयाचा तर एकच वाट उरते. ज्याचा काळ निश्चित आहे अशा ग्रंथकाराने कोणाचे वचन उद्धृत केले आहे, कोणाचे नाव घेतले आहे, हे पानोपानी टिपून ठेवावे लागते.

नाथपंथाचेच उदाहरण घेऊ. मत्स्येंद्रनाथ केव्हा झाले? काश्मीरचे अभिनवगुप्त इसवी सन १००० च्या सुमाराचे. त्यांनी आपल्या ‘तंत्रालोका’च्या आरंभी मच्छंद विभूंस वंदन केले आहे. अर्थात मत्स्येंद्र त्यापूर्वीचे. गोरक्षनाथांची दुसरी बाजूची मर्यादा आपल्या ज्ञानेश्वर महाराजांनी घालून दिली आहे. शके १२१२ म्हणजे १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी परंपरा अखेरीस स्पष्ट सांगितली आहे. गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ या दोन पिढ्या मध्ये धरल्या तरी गोरक्ष तेराव्या शतकाच्या अखेरीपूर्वीचे ठरतात. घराघरांत पारायण होणाऱ्या या ग्रंथातील काही ओव्या अखिल भारतातील एका पंथाच्या कालनिर्णयास आधार झाल्या आहेत, हे आमच्या वाचकांपैकी कितीजणांच्या ध्यानी आले असेल?

ग्रंथपालाच्या खुर्चीवरून कविराजांनी केलेल्या कार्यात हाच नाथपंथ ठळक आहे. प्राचार्य गंगानाथ झा यांच्या कारकिर्दीत सरस्वतीभवनाची ग्रंथमाला सुरू झाली. तिचे पहिले पुष्प ‘किरणावलीभास्कर’ हे न्यायवैशेषिकाचे. तेही कविराजांनीच १९२० साली संपादिले. पुढे मात्र त्यांनी आजवर फडक्यात बांधून ठेवलेले वाङ्मय एकामागून एक बाहेर काढले. श्रीविद्येचे ‘योगिनीहृदय’ अमृतानंद आणि भास्करराय यांच्या टीकांसह आले. हे भास्करराय विजापूर दरबाराशी संबंध असलेल्या गंभीररायांचे पुत्र. ‘त्रिपुरारहस्य’ आले. ‘सिद्धसिद्धान्तसंग्रह’ आणि ‘गोरक्षसिद्धान्तसंग्रह’ हे नाथपंथाचे दोन ग्रंथ १९२५ साली आले. यांपैकी दुसरा लहानसाच आहे व त्याच्या कर्त्याचे नावही ठाऊक नाही. परंतु त्यात अनेक ग्रंथांतील वचने एकत्र केलेली असल्याने इतिहासकारास तो मोठ्या ग्रंथाइतका मोलाचा. पाठोपाठ १९२७ साली सरस्वतीभवनाच्या अभ्यासमालेत नाथांचा इतिहास आणि सिद्धान्त यांवर कविराजांचा इंग्रजी निबंध प्रसिद्ध झाला. पुढील नाथपंथाभ्यासकांस तो वगळून चालले नाही. कल्याणी मल्लिक यांनी संपादिलेली ‘सिद्धसिद्धान्तपद्धति’ १९५४ साली पुण्यास छापली गेली आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांचा गोरक्षनाथांवरील मराठी ग्रंथ १९५९ साली निघाला; त्यांची वाट अशा कामाने आधीच झाडून ठेविलेली होती.

या कामी सरस्वतीभवनातील पंडितमंडळींचे साहाय्य होतेच. त्यांत काशीनिवासी महाराष्ट्रीय पंडित नारायणशास्त्री खिस्ते यांचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो, कारण ग्रंथमालेतील अनेक पुस्तकांवर त्यांचे नाव संपादक म्हणून असूनही आमच्याकडे ते कोणी घेत नाही.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळणे भाग आहे. १९१८ साली कविराजांनी स्वामी विशुद्धानंद परमहंस यांजकडून दीक्षा घेतली. सूर्यकिरणांपासून सुगंध व पदार्थ उत्पन्न करणारे योगी म्हणून या स्वामींची ख्याती होती. पॉल ब्रंटन हा इंग्रज लेखक त्यांच्या भेटीस गेला तेव्हा दुभाषी म्हणून कविराजच बसले होते. ब्रंटनच्या १९३४ सालच्या पुस्तकात तो वृत्तान्त आहे. मग असा शिष्य इतिहास निःपक्षपातीपणे लिहील काय? आमचे उत्तर असे, की सरस्वतीभवनाच्या निबंधांत तरी त्यांनी गुरूंचा चमत्कार पुरावा म्हणून पुढे केलेला नाही. तेथे पोथी बोलते. गुरूंविषयी त्यांस जे सांगावयाचे होते ते त्यांनी बंगालीत स्वतंत्र ग्रंथ लिहून सांगितले. उत्तरायुष्यातील त्यांच्या लेखनात मात्र शास्त्रवचन कोठे संपले आणि स्वानुभव कोठे सुरू झाला हे वाचकास नेहमी कळत नाही. भक्तांस ते लेखन अधिक प्रिय आहे. आम्हांस तरुण ग्रंथपाल अधिक भावतो, हे लपवीत नाही.

झा यांच्यामागून कविराज संस्कृत कॉलेजाचे प्राचार्य झाले. १९३४ साली महामहोपाध्याय ही पदवी मिळाली आणि १९३७ साली, जेमतेम पन्नाशीत, त्यांनी आपण होऊन पद सोडले. त्याच वर्षी गुरूंनी देह ठेविला. पुढील काळ साधनेत व जिज्ञासूंस शिकविण्यात गेला. १९६४ साली पद्मविभूषण आणि साहित्य अकादेमीचा पुरस्कार असे दोन्ही बहुमान लाभले.

परंतु ग्रंथपाल काही निवृत्त झाला नाही. १९७० साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचा ‘लुप्तागमसंग्रह’ प्रसिद्ध झाला. जे आगमग्रंथ नाहीसे झाले त्यांची इतरांनी उद्धृत केलेली वचने वेचून त्यांत लावलेली आहेत. दोन वर्षांनी ‘तांत्रिक साहित्य’ ही तंत्रग्रंथांची विवरणात्मक सूची लखनौहून हिंदीत निघाली. १२ जून १९७६ रोजी काशीस त्यांचा अंत झाला. लुप्तागमांच्या त्या संग्रहाचा दुसरा भाग पंडित व्रजवल्लभ द्विवेदी यांनी १९८३ साली पुरा केला. त्या दोन भागांत ज्यांची केवळ तुटक वचनेच उरली आहेत, त्यांपैकी एखाद्या आगमाची अखंड प्रत आपल्याच एखाद्या ज्ञातिबांधवाच्या माळ्यावर पडून नसेल असे कोणी छातीठोकपणे सांगावे? ज्यांच्या घरी अशी पोथी असेल त्यांनी मंत्र कोणास दाखवू नये, तो अधिकार त्यांचा. परंतु पहिल्या व शेवटच्या पानाची नक्कल तेवढी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे अथवा भांडारकर प्राच्यविद्या मंदिराकडे दाखवावी. बहुधा त्या दोन पानांतच ग्रंथाचे नाव, लेखकाचे नाव व लेखनाचा शक असतो.