अपरावृद्धी घटक : निरोगी गर्भारपणातील रक्तपातळी

अपरेतून, म्हणजे बोलीत जिला वार म्हणतात तिच्यातून, मातेच्या रक्तात मिसळणारे आणि रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देणारे प्रथिन म्हणजे अपरावृद्धी घटक. १९९१ मध्ये त्याचा शोध प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेच्या अहवालात ते ‘पीएलजीएफ’ या आद्याक्षरांनी येते आणि एक मिलिलिटर रक्तद्रवात किती पिकोग्रॅम, अशा एककात मोजले जाते.

गर्भारपण निरोगी असले तरी ही पातळी एका जागी राहत नाही. प्रचलित यंत्रांपैकी एकावर ठरवलेल्या संदर्भमूल्यांनुसार ती १० ते १४ आठवड्यांत सुमारे ५०, विसाव्या आठवड्यानंतर अडीचशेच्या पुढे, २४ ते ३३ आठवड्यांत साधारण ४७० अशी चढते आणि पूर्ण दिवस भरताना २०० च्या आसपास उतरते. हे मध्यांक आहेत. निरोगी स्त्रियांतही आकडे त्यांच्या बऱ्याच खाली-वर आढळतात. त्यामुळे ८० हा आकडा तेराव्या आठवड्यात निर्धोक, अठ्ठाविसाव्यात चिंताजनक आणि अडतिसाव्यात पुन्हा निरोगी कक्षेतला ठरतो.

म्हणूनच गर्भाचे वय चुकले की अहवालाचा अर्थच बदलतो. सातारा-सांगलीच्या गावांत शेवटची पाळी ‘बेंदराच्या आधी’ अशी सणावरून सांगितली जाते, तेव्हा अकरा ते चौदा आठवड्यांदरम्यानच्या सोनोग्राफीत गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय पक्के करणे हा या चाचणीचा खरा पाया होय. तो कच्चा असेल तर महागड्या यंत्रावरचा आकडाही दिशाभूल करतो. वजन, धूम्रपान व वांशिक मूळ यांचाही पातळीवर परिणाम होतो. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच नमुन्याचे आकडे सारखे येत नाहीत, म्हणून एकाच गर्भवतीची फेरतपासणी कराड, मिरज किंवा पुणे यांपैकी कोठेही झाली तरी पद्धत तीच असावी.

गर्भाशयाच्या धमन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत की रक्तपुरवठा तोकडा पडलेली अपरा हा घटक कमी सोडते आणि त्याला बांधून निष्प्रभ करणारे ‘एसएफएलटी-१’ हे प्रथिन अधिक सोडते. रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाणे, यकृत वा मूत्रपिंडावर ताण येणे, असे रूप घेणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियात दोहोंचा तोल बिघडतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २४ ते ३७ आठवड्यांदरम्यान या विकाराची शंका आल्यास एसएफएलटी-१ चे या घटकाशी असलेले गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल, तर पुढच्या आठवड्यात तो उद्भवण्याची शक्यता फारच थोडी असते.

ही चाचणी मात्र नेहमीच्या तपासणीची जागा घेत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येक भेटीला मोजलेला रक्तदाब आणि तपासलेली लघवी हीच पहिली चाळणी असून, रक्तदाब १४०/९० वर गेला किंवा डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, छातीखाली उजवीकडे दुखणे अशी लक्षणे दिसली, तर अहवालाची वाट न पाहता गर्भवतीला मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते.