गावाची राखण आणि गावाचे गाऱ्हाणे : मुळशीच्या खोऱ्यातला एक जुना प्रश्न

१/ आज मुळशी तालुक्यातल्या एखाद्या गावात चोरी झाली, तर गावकरी पोलीस पाटलाला कळवतात आणि पौडचे पोलीस ठाणे गाठतात. वाट सरळ दिसते. पण राखणदाराने जबाब कोणाला द्यायचा आणि गावाने आपले गाऱ्हाणे कोठे मांडायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे काळागणिक बदलत आली आहेत. त्या बदलांचा हा धागा.

२/ मराठेशाहीत पौड मावळ, कोरबारसे मावळ, मुठे खोरे या मुलखात गावागणिक पगारी शिपाई नव्हता. बंदोबस्त पाटलाकडे असे. त्याच्या हाताखाली जागल्या, कोठे महार तर कोठे रामोशी. वेशीवरचा पहारा, रात्रीची गस्त, परक्या माणसाची खबर आणि चोराचा माग ही त्याची कामे. मोबदला म्हणजे वतनी जमीन आणि पिकातला वाटा.

३/ पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात ही रीत नोंदवली. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढत निघायचे. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला आणि तिथल्या जागल्याची खात्री पटली, की जबाबदारी त्या गावावर जाई. माग जेथे खुंटेल, त्या गावाने नुकसान भरून द्यायचे.

४/ या रीतीचे मर्म भरपाईत होते. राखणीतल्या हयगयीची किंमत गावालाच मोजावी लागे, म्हणून जागल्यावर नजरही गावाचीच असे. वतनाचे, शिवेचे तंटे गोतसभेत निवडले जात. निवाड्याच्या महजरावर पाटील आपली निशाणी म्हणून नांगर काढी, न्हावी आरसा काढी. गाऱ्हाणे आणि राखण या दोन्ही गोष्टी गावाच्या हाकेच्या अंतरावर होत्या.

५/ मात्र या व्यवस्थेला सुवर्णयुग म्हणण्याची घाई नको. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानली जाई. पण ज्याच्या शब्दावर गावाची शीव ठरे, त्याचे स्वतःचे घर वेशीबाहेर. सगळ्या गावाची राखण करणाऱ्याचे गाऱ्हाणे बरोबरीच्या नात्याने ऐकणारी चावडी मात्र कोठेच नव्हती.

६/ इंग्रजी अमलात हे अधिक तीव्र झाले. पुरंदर किल्ल्याच्या परिसरातील रामोश्यांचे परंपरागत हक्क गेले आणि त्यांच्यातून उमाजी नाईक उभे राहिले. १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी दिली गेली. पिढ्यान्‌पिढ्या राखण करणाऱ्यांना दाद मागायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी शस्त्र उचलले.

७/ १८६७ साली मुंबई इलाख्यात लागोपाठ दोन कायदे झाले : एक जिल्हा पोलिसांचा, दुसरा ग्राम पोलिसांचा. पाटील तोच राहिला, चावडी तीच राहिली. पण आता तो दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाचा ताबेदार झाला. गावातली खबर वर पोचवणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य ठरले. जबाबाची दिशा गावाकडून कचेरीकडे वळली.

८/ मग गावाने बोलायचे कोणाच्या तोंडून? पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा स्थापन झाली, ती अशाच गरजेतून. तिच्या सभासदाला किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आपण कोणाच्या वतीने बोलतो हे कागदावर दाखवूनच सरकारकडे अर्ज करायचा, ही कल्पना त्या काळात नवी होती.

९/ अर्जांची ही वाट कोठे संपते, ते मुळशीने दाखवले. नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीला वीजनिर्मितीसाठी धरण बांधायचे होते. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतली जाणार होती. त्या कायद्यात जमीनधारकाला मोबदल्याबद्दल भांडता येई. ‘जमीन घेऊच नका’ ही हरकत मांडून सुनावणी मागण्याचा हक्क मात्र नव्हता. तो देणारे ५-अ हे कलम १९२३ मध्ये आले.

१०/ म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, मग अटका आणि तुरुंगवास. १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी सशस्त्र होऊन आगगाडी अडवली आणि त्यांना दीर्घ शिक्षा झाली. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली.

११/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. त्या दिवसांत ग्राम पोलीस व्यवस्था बंद पडली नव्हती. कायद्याप्रमाणे अशांततेची खबर वर कळवणे हे पाटलाचे कामच होते. पण खबर म्हणजे गाऱ्हाणे नव्हे. ‘लोक जमले आहेत’ हे कचेरीला कळवायला यंत्रणा होती. ‘लोक का जमले आहेत’ याचे उत्तर देण्यास कोणी बांधील नव्हते.

१२/ वतनाचा पायाही हळूहळू ढासळत गेला. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. तुटपुंज्या वतनाच्या बदल्यात अहोरात्र राबवून घेणाऱ्या पद्धतीवर तो घाव होता. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपुष्टात आली.

१३/ त्यानंतर १९६७ चा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम आला. पोलीस पाटील आता जन्माने ठरत नाही. तो नेमला जातो आणि त्या पदावर स्त्रियाही येतात. तो आजही कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाखालीच आहे. पण त्याने काय कळवायचे, याची कक्षा रुंद आहे : गुन्ह्यांबरोबरच गावाचे आरोग्य आणि सर्वसाधारण स्थितीही.

१४/ म्हणजे जबाबाची दिशा अजून वरच आहे. बदलला आहे तो नागरिकाचा हक्क. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा वाद न घालता नोंदवावी लागते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

१५/ मुळशीकरांनी एक भेद लक्षात ठेवावा. पौड पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहे. हिंजवडी महसुलाला मुळशी तालुक्यात असली, तरी पोलिसांच्या दृष्टीने २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे. शेजारच्या दोन गावांचे वरचे दार वेगळे असू शकते. रस्त्यावरचे दिवे, अतिक्रमण, दारूचे गुत्ते अशा सामायिक प्रश्नांसाठी ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार सभा भरल्याच पाहिजेत, असे कायदा सांगतो.

१६/ जुन्या जागल्याचा माग शिवेवर दुसऱ्या माणसाच्या हाती जाई, पण मध्येच हरवू दिला जात नसे. आजच्या तक्रारीलाही हाच नियम लावून पाहा. ती लेखी आहे का? पोच घेतली का? ती आता कोणाच्या शिवेत आहे? माग खुंटेल तेथे जबाबदारी थांबते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. तो माग काढण्याचे काम आता जागल्याचे राहिलेले नाही; ते आपले आहे.