अडकवणं आणि घडवणं

अमेरिकन हॉकी लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूला दर हंगामाअखेर एक पुरस्कार दिला जातो. 1958-59 पासून चालत आलेल्या या पुरस्काराला एडी शोर यांचं नाव आहे. शोर हे बॉस्टन ब्रुइन्सचे बचावपटू. बर्फावरच्या हॉकीतला सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा किताब त्यांनी चार वेळा मिळवला, म्हणजे नावाला हरकत घेण्याचं वरकरणी कारण नाही. पण याच शोर यांच्या मालकीच्या स्प्रिंगफील्ड संघात डिसेंबर 1966 मध्ये खेळाडूंनी खेळायला नकार दिला. बंडाची ठिणगी पडली ती तिघांच्या बिनपगारी निलंबनातून, आणि बिल व्हाइट, डेल रॉल्फ व डेव्हिड अमादिओ हे तिघेही बचावपटू होते. बचावपटूंच्या गौरवाला ज्याचं नाव, त्याच्याच दारात बचावपटूंनी संप पुकारावा, या विसंगतीत एका व्यवसायाचा सगळा इतिहास सामावला आहे. दुय्यम लीग ही तरुण बचावपटूची शाळा असते, असं आज सर्रास म्हटलं जातं. माझं म्हणणं असं, की ही लीग शाळा म्हणून जन्मलीच नव्हती. ती मालकांची कोठी होती, आणि कोठीचं कुलूप ढिलं झालं तेव्हा तिची शाळा झाली.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात. इथे विषय आहे तो दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद बर्फावर, पायात स्केट बांधून, रबराच्या चपट्या चकतीमागे धावणाऱ्या उत्तर अमेरिकी खेळाचा. या खेळाची सर्वोच्च पायरी म्हणजे 1917 साली माँट्रियलमध्ये स्थापन झालेली नॅशनल हॉकी लीग, थोडक्यात एनएचएल. तिच्या खालची पायरी म्हणजे अमेरिकन हॉकी लीग, म्हणजे एएचएल. मंदीच्या काळात कोलमडू लागलेल्या दोन लीग 1936 मध्ये एकत्र आल्या, त्यातून ती आकाराला आली आणि 1940 मध्ये तिला आजचं नाव मिळालं. क्रिकेटच्या वाचकाला रणजीची उपमा सुचेल, पण ती अर्धीच लागू पडते. रणजीचा संघ राष्ट्रीय संघाच्या मालकीचा नसतो. इथे मात्र खालच्या संघातला खेळाडू बहुधा वरच्या संघाच्या कराराने बांधलेला असतो, आणि त्याला कधी वर न्यायचं हे त्याच्या धावा किंवा गोल यांपेक्षा मालकाची गरज ठरवते.

ही गरज समजून घ्यायची तर आधी आकडा पाहायला हवा. 1942 ते 1967 या पाव शतकात एनएचएलमध्ये फक्त सहा संघ होते. प्रत्येकाकडे पाच-सहा बचावपटू धरले, तर कॅनडा आणि अमेरिका मिळून तीस-पस्तीस माणसांना या कामाची वरची नोकरी होती. दुसरीकडे मुलं हाती लागायची ती अगदी कोवळ्या वयात. ‘सी फॉर्म’ नावाच्या कागदावर सही झाली, की मुलाचे व्यावसायिक हक्क त्या संघाकडे जात. पुढे खेळाचं रूप पालटणाऱ्या बॉबी ऑर यांनीही 1962 मध्ये, चौदाव्या वर्षी, बॉस्टनसाठी असा कागद केला होता. हक्क अनेकांचे आणि जागा मोजक्या, तेव्हा उरलेली माणसं ठेवायची कुठे? त्याचं उत्तर दुय्यम लीग हे होतं. तिथे खेळाडू हाताशी राहत, दुसऱ्याच्या हाती लागत नसत, आणि वर कुणी जखमी झाला तर रेल्वेचं तिकीट पाठवलं की काम भागत असे.

तरीही त्या काळात शिक्षण होतच नव्हतं असं नाही. टिम हॉर्टन यांचं उदाहरण घ्या. टोरोंटोने त्यांना 1949 ते 1952 असे तीन हंगाम पिट्सबर्ग हॉर्नेट्समध्ये ठेवलं. तिथे त्यांनी शेवटच्या वर्षी एएचएलचा काल्डर चषक जिंकला, मग वर जागा पक्की केली आणि टोरोंटोबरोबर चार वेळा एनएचएलचा स्टॅन्ली चषक उचलला. ही तीन वर्षं वाया गेली असं कोण म्हणेल? पण हॉर्टन तीन वर्षं खाली राहिले ते तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता म्हणून, की वर जागा नव्हती म्हणून, हे त्या व्यवस्थेत कळायला मार्ग नव्हता. शिकणं आणि खोळंबणं यांची सरमिसळ झालेली होती, आणि ती उकलण्यात मालकाला काहीच स्वारस्य नव्हतं.

स्प्रिंगफील्डमध्ये ही सरमिसळ टोकाला गेली. शोर यांनी 1939 मध्ये तो संघ विकत घेतला. तिथल्या अनेक खेळाडूंचे हक्क थेट त्यांच्याकडे होते, त्यामुळे एखाद्या एनएचएल संघाला त्यांच्यापैकी कुणी हवा असेल, तर शोर यांचं समाधान होईल असा सौदा करावा लागे. संघ दुबळा होता असं म्हणायला जागा नाही. 1960, 1961 आणि 1962 असे लागोपाठ तीन काल्डर चषक त्यांनी जिंकले. संपानंतर काय घडलं, तेच माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. 1967 मध्ये एनएचएल सहावरून बारा संघांची झाली. नव्याने आलेल्या लॉस एंजेलिस किंग्जनी स्प्रिंगफील्डचे खेळाडू घेतले, आणि संपाच्या मुळाशी असलेले तिन्ही बचावपटू त्याच वर्षी वर खेळले. व्हाइट तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. पाच वर्षांनी, 1972 मध्ये, सोव्हिएत संघाविरुद्धच्या गाजलेल्या मालिकेत कॅनडाच्या बचावात ते उभे होते. अशा माणसाला अठ्ठावीस वर्षांपर्यंत खाली ठेवण्याचं कारण ‘अजून कच्चा आहे’ हे असूच शकत नाही. तो केव्हाच पिकला होता. दार उघडणारं कुणी नव्हतं, इतकंच.

त्यानंतरच्या काही वर्षांत कुलूप तीन बाजूंनी ढिलं झालं. संपात खेळाडूंची बाजू लढवणारे टोरोंटोचे वकील अ‍ॅलन ईगल्सन यांच्या पुढाकाराने 1967 मध्ये एनएचएल खेळाडूंची संघटना उभी राहिली. पुढे याच ईगल्सन यांनी खेळाडूंच्या पैशांत घोटाळा केल्याचं सिद्ध झालं, हा इतिहासाचा वेगळा चिमटा. त्याच साली दुय्यम लीगच्या खेळाडूंचीही स्वतंत्र संघटना निघाली. दुसरीकडे, 1963 पासून सुरू झालेल्या, संघांनी पाळीपाळीने मुलं निवडण्याच्या पद्धतीने 1969 पर्यंत सी फॉर्मची जागा पूर्णपणे घेतली, आणि संघांना मुलं बालवयात बांधून घेता येईनाशी झाली. तिसरं म्हणजे, 1972 मध्ये प्रतिस्पर्धी वर्ल्ड हॉकी असोसिएशन उभी राहिली आणि खेळाडूला जायला दुसरं दार मिळालं. आता तरुणाला खाली थांबवायचं तर मालकाला कारण द्यावं लागणार होतं. दुय्यम लीग शाळा होऊ लागली ती या क्षणी.

पहिला ठळक विद्यार्थी म्हणजे लॅरी रॉबिन्सन. माँट्रियलने त्यांना 1971 मध्ये विसाव्या क्रमांकावर निवडलं आणि हॅलिफॅक्सच्या नोव्हा स्कोशिया व्हॉयाजर्स संघात धाडलं. प्रशिक्षक होते अ‍ॅल मॅकनील. ते स्वतः बचावपटू होते आणि आदल्याच मोसमात त्यांनी माँट्रियलला स्टॅन्ली चषक जिंकून दिला होता. अजिंक्य संघाचा प्रशिक्षक दुय्यम संघ सांभाळायला जातो, यामागची कारणं काहीही असोत, त्यामुळे खाली शिकवणारा माणूस वरच्याच तोडीचा मिळाला. व्हॉयाजर्सनी 1972 चा काल्डर चषक जिंकला. पुढच्या मोसमाच्या मध्यावर रॉबिन्सन वर गेले आणि त्याच वसंतात स्टॅन्ली चषकाचे मानकरी झाले. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस चषक त्यांना पुढे दोनदा मिळाला. हॉर्टन यांना तीन वर्षं लागली, रॉबिन्सन यांना दीड. हा फरक गुणवत्तेचा आहे असं कुणी म्हणेल. मला तो व्यवस्थेचा वाटतो. मुदत आता तयारीवर मोजली जात होती.

शिकायचं काय असतं, हेही पाहायला हवं, कारण आघाडीवीरापेक्षा बचावपटूला जास्त काळ का लागतो याचं उत्तर त्यातच आहे. आघाडीवीराची चूक झाली तर मागे दोन बचावपटू आणि गोलरक्षक असतात. बचावपटूची चूक झाली तर मागे एकटा गोलरक्षक. त्याचं निम्मं काम उलट्या दिशेने, पाठमोरं स्केटिंग करत चालतं. समोरून येणाऱ्याशी किती अंतर राखायचं, हे त्याला क्षणोक्षणी ठरवावं लागतं. स्वतःच्या कोपऱ्यातली चकती उचलायला तो वळतो, तेव्हा पाठीवर दोनशे पौंडांचा माणूस चालून येत असतो, आणि त्या धडकेआधी पहिला पास द्यायचा असतो. ज्युनियर हॉकीत हे सगळं सोळा ते वीस वर्षांच्या मुलांविरुद्ध केलेलं असतं. मोठ्या माणसांविरुद्ध अंतराचा तोच हिशेब चुकतो, आणि तो चुकूनच सुधारतो. एनएचएलमध्ये त्या चुकीची किंमत सामना असते, म्हणून प्रशिक्षक मुलाला बाकावर बसवतो, आणि बाकावर बसून कुणी शिकत नाही. एएचएलचे सामने मुख्यतः शनिवार-रविवारच्या आसपास गर्दी करतात, त्यामुळे आठवड्याच्या मध्यावर सरावाला दिवस मिळतात. वर खेळून इथे परतलेल्या मुलाला दर सामन्यात वीस-पंचवीस मिनिटं बर्फावर मिळू शकतात. अनुभवी खेळाडूंनीच संघ भरू नयेत म्हणून नियमही आला. बरीच वर्षं चालत आलेल्या रचनेत अठरा खेळाडूंपैकी तेरा जण तरुण असावे लागतात, आणि त्यातल्या बारा जणांनी 260 हून अधिक व्यावसायिक सामने खेळलेले चालत नाहीत. कोठीला असा नियम कधी लागला नसता.

या मांडणीवर पहिला आक्षेप उघड आहे. सर्वोत्तम बचावपटू या शाळेत गेलेच नाहीत. ऑर अठराव्या वर्षी थेट बॉस्टनला खेळले आणि त्यांनी लागोपाठ आठ नॉरिस चषक घेतले. रे बोर्क 1979 मध्ये ज्युनियरमधून सरळ वर आले. निकलास लिडस्ट्रॉम आणि केल मकार यांनीही एएचएल पाहिली नाही. यातले ऑर आणि बोर्क अपवाद आहेत हे मान्य करायलाच हवं. प्रतिभेला कुठलीच व्यवस्था लागू होत नाही. पण बाकी दोघांचा मार्ग जरा जवळून पाहा. लिडस्ट्रॉम डेट्रॉइटला येण्याआधी स्वीडनमध्ये व्हेस्टेरोसकडून प्रौढांच्या लीगमध्ये खेळत होते. मकार यांना 2017 मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडूनही त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दोन वर्षं काढली. इमारत वेगळी होती, वर्ग भरतच होता. उलट बाजूला सहा फूट नऊ इंचांचे झ्देनो खारा केंटकीच्या संघातून आणि डंकन कीथ नॉरफोकच्या संघातून आले. कीथ तिथे दोन पूर्ण मोसम खेळले. त्यांना शिकवणारे ट्रेंट यॉनी हेही माजी एनएचएल बचावपटूच. खारा यांना एकदा, कीथ यांना दोनदा नॉरिस मिळाला.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. वर पोचले त्यांचीच नावं घेतली की प्रत्येक व्यवस्था गुणकारी दिसते. डॉन चेरी हे बचावपटू दुय्यम लीगमध्ये दशकाहून अधिक खेळले, चार काल्डर चषक जिंकले, आणि त्यांच्या वाट्याला एनएचएलचा एकच सामना आला, 1955 च्या बाद फेरीतला. अशी असंख्य माणसं खाली राहिली. आपल्या लीगमधूनच आजचे जवळपास नव्वद टक्के एनएचएल खेळाडू आले, असं एएचएल अभिमानाने सांगते. पण उलटा आकडा, म्हणजे तिथे खेळलेल्यांपैकी किती वर पोचले, तो अर्थातच जाहिरातीत नसतो. हे मला मान्य आहे. म्हणूनच ही लीग थोर खेळाडू घडवते असा दावा मी करत नाही. ती चुका स्वस्त करते, एवढंच. स्वस्त चुकांतून कोण किती उचलेल, हे ज्याचं त्याचं.

तिसरा आक्षेप शोर यांच्या बाजूने येतो. ते शिकवत नव्हते का? शिकवत होते. गुडघे वाकवा, दोन्ही हात स्टिकवर लांब ठेवा, तोल सांभाळा, यावर त्यांचा अतोनात भर असे. त्यांच्या हाताखालचे ब्रायन किलरे पुढे कॅनडाच्या ज्युनियर हॉकीत हजारावर सामने जिंकणारे प्रशिक्षक झाले. तेव्हा त्या दराऱ्यातूनच विद्या आली, असं म्हणता येईल. पण शोर यांच्यात दोन माणसं होती. गुडघ्यांबद्दल बोलणारा कारागीर होता, पगार कापून निलंबित करणारा मालक होता. शिकवण कारागिराची, अडकवणूक मालकाची. दोन्ही एकाच देहात असल्याने ती एकच वाटत आली. 1967 नंतर मालकाचे हात बांधले गेले आणि कारागिरी तरीही चालूच राहिली, यावरून ती मालकीवर अवलंबून नव्हती हे सिद्ध होतं.

आजही सगळं न्याय्य आहे असं नाही. खाली पाठवलं की पगार घटणारे करार आहेत, लहान शहरांतले लांब बसप्रवास आहेत. पण एक गोष्ट बदलली. ठरावीक मोसम किंवा सामने पूर्ण झालेल्या खेळाडूला आता खाली पाठवायचं, तर आधी तो इतर सर्व संघांना देऊ करावा लागतो, आणि कुणीही त्याला उचलू शकतं. बिल व्हाइट यांच्या काळात थांबण्याची किंमत फक्त खेळाडू मोजत होता. आता उगाच थांबवणाऱ्या मालकालाही ती मोजावी लागते, खेळाडू गमावून. एडी शोर यांच्या नावाचा पुरस्कार आहे तसाच राहू द्यायला हरकत नाही. तो त्यांच्यातल्या कारागिराला आहे असं समजावं. मालकाचा निकाल 1966 च्या डिसेंबरात तीन बचावपटूंमुळे लागला आहे.