वार्धक्य, स्वभाव आणि अनुवंश : जुळ्यांच्या अभ्यासाचा इतिहास

एखादी गोष्ट कुळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली म्हणजे ती रक्तातूनच आली असली पाहिजे, असे मानण्याकडे लोकांचा कल असतो. वस्तुतः मातृभाषाही कुळातच चालत येते. परंतु दत्तक गेलेले तान्हे मूल दत्तक घराचीच भाषा बोलते. वृद्ध माणसांची बुद्धी, स्वभाव आणि समाधान यांत जे भेद आढळतात, त्यांत रक्ताचा भाग किती आणि परिस्थितीचा किती, याची शास्त्रीय मीमांसा प्रामुख्याने जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून झाली. त्या अभ्यासाचा इतिहास जसा शोधांचा, तसाच गैरसमजांचाही आहे.

या पद्धतीचा आरंभ फ्रान्सिस गाल्टनने १८७५ मध्ये केला. जुळ्यांसंबंधी पत्रे पाठवून त्याने माहिती गोळा केली आणि संगोपनापेक्षा निसर्गाचे बळ अधिक, असा निष्कर्ष काढला. एकबीज जुळी अनुवंशाने जवळजवळ अभिन्न असतात, तर द्विबीज जुळी सामान्य भावंडांसारखी. या दोहोंतील साम्याची पद्धतशीर तुलना करण्याची रीत हर्मान सीमेन्स या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने १९२४ मध्ये मांडली. पुढील बहुतेक संशोधनाचा पाया हाच होय.

तथापि याच गाल्टनने १८८३ मध्ये सुप्रजाजननशास्त्राला त्याचे इंग्रजी नाव दिले होते, आणि दोन्ही विचार दीर्घकाळ हातात हात घालून चालले. वृद्ध जुळ्यांचा पहिला मोठा अभ्यास करणारा फ्रांझ कालमान हा म्यूनिक येथे एर्न्स्ट र्‍यूडिनच्या हाताखाली काम केलेला संशोधक होता. १९३३ च्या जर्मन निर्बीजीकरण कायद्यावर भाष्य लिहिणाऱ्यांत र्‍यूडिन होता. खुद्द कालमाननेही मनोरुग्णांच्या नातलगांच्या निर्बीजीकरणाचा पुरस्कार केला होता. वडील ज्यू वंशाचे असल्याने १९३६ मध्ये त्यालाच जर्मनी सोडावी लागली. न्यूयॉर्क येथे गेर्हार्ड सांडरसह त्याने साठीच्या पुढील जुळ्यांची पाहणी केली आणि १९४८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकबीज जुळ्यांच्या मृत्युसमयीच्या वयांतील अंतर द्विबीज जुळ्यांपेक्षा कमी असते, असे त्यात दिसून आले.

या विषयातील सर्वांत महत्त्वाचे कार्य स्वीडनमध्ये झाले. चर्चच्या जन्मनोंदींची तेथील परंपरा जुनी आहे. धूम्रपानाचे परिणाम तपासण्यासाठी १९५०च्या दशकाच्या अखेरीस तेथे जुळ्यांची राष्ट्रीय नोंदवही तयार होऊ लागली. अकराव्या वर्षाच्या आत ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरी वाढलेली कित्येक जुळी तिच्यात सापडली. दत्तक मुलाच्या भाषेने जे सिद्ध होते, तीच कसोटी स्वभावाला लावण्याची ही दुर्मिळ संधी होती. नॅन्सी पेडरसन, जेराल्ड मॅक्लर्न, रॉबर्ट प्लोमिन आदींनी १९८४ मध्ये या जुळ्यांच्या वार्धक्याचा अभ्यास सुरू केला.

१९८८ च्या अहवालात बहिर्मुखतेतील भेदांपैकी सुमारे चार-दशांश आणि चिंताग्रस्ततेतील सुमारे तीन-दशांश भेद अनुवंशाने स्पष्ट होतात, असे निघाले. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या २,८७२ जोड्यांच्या अभ्यासात (१९९६) आयुर्मर्यादेतील भेदांचा वाटा पुरुषांत २६ व स्त्रियांत २३ टक्के इतकाच आढळला. याउलट, ऐंशी वर्षांवरील २४० स्वीडिश जोड्यांत सामान्य बुद्धीच्या बाबतीत हा वाटा ६२ टक्के भरला (१९९७). दीर्घ आयुष्यातील अनुभवांखाली अनुवंश झाकला जाईल, ही स्वाभाविक वाटणारी अपेक्षा बुद्धीच्या बाबतीत तरी फोल ठरली. सर्व वयांच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करता समाधानाच्या बाबतीत हा वाटा सुमारे ३६ टक्के येतो (२०१५).

परंतु ६२ टक्के याचा अर्थ अमुक एका वृद्धेची बुद्धी ६२ टक्के जन्मतः ठरलेली होती, असा मुळीच नव्हे. हा आकडा व्यक्तीविषयी काही सांगत नाही. विशिष्ट समाजातील, विशिष्ट काळातील भेदांची ती वाटणी आहे. स्वीडनने १९१३ मध्येच सार्वत्रिक निवृत्तिवेतनाचा कायदा केला होता. परिस्थिती जितकी समान, तितके परिस्थितीमुळे पडणारे भेद कमी, आणि उरलेल्यांत अनुवंशाचा वाटा आपोआप मोठा. जेथे एका वृद्धाला औषध मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, तेथे हाच आकडा निराळा येऊ शकेल, आणि त्यासाठी कोणाचे एकही जनुक बदलावे लागणार नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. याच स्वीडनमध्ये १९३४ च्या कायद्यापासून १९७५ पर्यंत सुमारे ६३,००० व्यक्तींचे निर्बीजीकरण झाले. त्यांतील कित्येकांवर दडपण आणले गेले होते, आणि १९९९ मध्ये शासनाने अशांना भरपाई देऊ केली. अनुवंश म्हणजे विधिलिखित, या समजुतीचे ते मोल होते.

१९९३ मध्ये ॲलन रोझेस यांच्या ड्यूक विद्यापीठातील गटाने एका विशिष्ट जनुकाच्या एका प्रकाराचा वार्धक्यातील अल्झायमर रोगाशी संबंध दाखविला, तेव्हा जुना प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. हा प्रकार असलेले अनेक जण निरोगी राहतात आणि नसलेल्यांनाही रोग जडतो. तरीही २००७ मध्ये स्वतःचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध होताना जेम्स वॉट्सनने एवढी एकच माहिती आपल्याला कळू नये, अशी इच्छा व्यक्त केली. उलटपक्षी, रुग्णांच्या प्रौढ मुलांवरील २००९ च्या प्रयोगात ही माहिती कळलेल्या व न कळलेल्या गटांत चिंतेचा वा नैराश्याचा लक्षणीय फरक आढळला नाही.

तात्पर्य, जुळ्यांच्या अभ्यासाने वार्धक्यातील अनुवंशाचे बळ सिद्ध केले, आणि त्याच आकड्यांनी परिस्थितीचे बळही दाखविले. कारण समाधानातील भेदांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश भाग अनुवंशाबाहेर उरतो. म्हातारा मूळचाच तिरसट, असे म्हणून घरचे मोकळे होतात, तेव्हा ते विज्ञानाचा आधार घेत नसून त्याच्या एका शब्दाचा चुकीचा अर्थ घेत असतात.