तानिसची राजसमाधी

इजिप्तमधील राजसमाधी म्हटली की तूतानखामेनखेरीज दुसरे नाव सहसा कोणाच्या ओठांवर येत नाही. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टरच्या मजुरांना थेबेसजवळच्या राजांच्या खोऱ्यात एक पायरी लागली आणि तिची वार्ता पुढे सर्व जगाने चवीने ऐकली. परंतु त्या समाधीत प्राचीन काळीच दोन वेळा चोर शिरून गेले होते, ही गोष्ट मात्र फारशी कोणी ध्यानात घेत नाही. ज्याच्या दफनकक्षाला चोराचा हातच लागला नाही असा राजा निराळाच आहे. एकविसाव्या राजवंशातील पहिला सुसेन्नेस हा तो राजा होय. इसवी सनापूर्वीच्या अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो गादीवर आला. त्याच्या मूळ इजिप्ती नावाचा अर्थ ‘नगरीत उगवलेला तारा’ असा आहे. हा तारा पुन्हा दृष्टीस पडला, पण तो दिवस मोठा अशुभ निघाला.

नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या ईशान्य भागात सान अल्-हगर नावाचे गाव आहे. प्राचीन तानिस ते हेच. फ्रेंच संशोधक प्येर माँते याने येथे १९२९ साली उत्खनन आरंभिले. अमोन देवाच्या मंदिराच्या प्राकारात, नैर्ऋत्य कोपऱ्यात, उत्तरकाळच्या कच्च्या विटांच्या बांधकामाखाली या समाध्या दडलेल्या होत्या. थेबेसच्या राजांनी डोंगराच्या पोटात लेणी खोदविली. तानिसच्या राजांनी आपली थडगी देवळाच्या अंगणात, देवाच्या नजरेखाली, जमिनीलगत बांधली. १९३९ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या ओसोर्कोनची समाधी लागली. ती लुटलेली होती. पुढच्याच महिन्यात शेजारची समाधी उघडली. भिंतींवर नाव सुसेन्नेसचे, पण आतल्या दालनात ससाण्याच्या मुखाची चांदीची जी शवपेटी होती तिच्यात निघाला शेशोंक नावाचा राजा, इतिहासाला तोवर अपरिचित असलेला! २१ मार्च १९३९ रोजी राजा फारूकच्या समक्ष ती पेटी उघडण्यात आली. मग खरा यजमान कोठे? तो ग्रॅनाइटच्या प्रचंड ठोकळ्याने बंद केलेल्या वाटेपलीकडे होता. ती वाट मोकळी होण्यास १९४० चा फेब्रुवारी उजाडला.

मे महिन्यात जर्मन सैन्य फ्रान्समध्ये घुसले. ज्या वृत्तपत्रांनी कार्टरच्या एकेका पेटाऱ्याचे रकानेच्या रकाने वर्णन केले होते, त्यांना आता तीन हजार वर्षांपूर्वीच्या राजाकडे पाहण्यास सवड नव्हती. माँतेचा या समाधीवरील ग्रंथ निघाला तोदेखील १९५१ साली. कीर्ती ही वस्तूच्या गुणापेक्षा मुहूर्तावर किती अवलंबून असते, याचे याहून बोलके उदाहरण पुराणवस्तुशास्त्रात मला तरी ठाऊक नाही.

दफनकक्षात जे सापडले ते पाहू. बाहेर गुलाबी ग्रॅनाइटची शिलापेटी. तिच्यात मनुष्याकृती काळ्या ग्रॅनाइटची दुसरी. तिच्यात चांदीची शवपेटी. आणि तिच्या आत सोन्याचा मुखवटा धारण केलेला राजा. कपाळावर सुवर्णनाग, हातापायांच्या बोटांवर सोन्याच्या टोप्या, पायांत सोन्याची पादत्राणे, अंगावर कंठे व कंकणे. चांदीचे विशेष कौतुक करावयास हवे. इजिप्तच्या भूमीत सोने मुबलक, चांदी मात्र बाहेरून आणावी लागे. जुन्या काळी तर ती सोन्याहून मोलाची मानीत. येथे आख्खी शवपेटी चांदीची घडविलेली आहे. लाकडाचे मात्र काही उरले नाही. त्रिभुज प्रदेशाच्या ओलाव्याने लाकूड, वस्त्रे आणि राजाची त्वचा यांची माती केली. वरच्या इजिप्तच्या कोरड्या वाळवंटाने तूतानखामेनची फुलेदेखील जपून ठेवली. चोरांनी न केलेले काम पाण्याने केले.

परंतु या संपत्तीकडे नुसते डोळे विस्फारून पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणार नाही. ती आली कोठून, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. गुलाबी शिलापेटी सुसेन्नेससाठी घडविलेलीच नव्हे. सुमारे २०० वर्षांपूर्वी ती दुसऱ्या रामेसेसचा पुत्र मेर्नेप्ताह याच्यासाठी राजांच्या खोऱ्यात ठेवण्यात आली होती. तिच्या झाकणाच्या आतील बाजूस आकाशदेवता नूत मृत राजावर अंग पसरून पहुडलेली कोरली आहे. मातेच्या या आलिंगनाखाली पुढे निजला तो भलताच पुत्र! काळी पेटीही एकोणिसाव्या राजवंशाच्या काळातील कोणा अमीराची. समाधीत दुसऱ्या रामेसेसच्या नावाची काशाची शेगडीही मिळाली. किंबहुना तानिस नगरीच उसनवारीवर उभी होती. पी-रामेसेस या जुन्या राजधानीजवळचा नाईलचा फाटा गाळाने भरला, तेव्हा तेथील स्तंभ व पुतळे येथे वाहून आणले गेले. त्या शिलालेखांवर भिस्त ठेवून माँते तानिसलाच पी-रामेसेस समजत राहिला. पुढील उत्खननांनी ते नगर दक्षिणेस कांतीर येथे असल्याचे सिद्ध केले.

येथे थेबेसकडेही वळावे लागते. सुसेन्नेसचा पिता मानला जाणारा पिनेजेम हा तेथील अमोनचा महापुरोहित. त्याच्या थोडे आधीचा सेनापती पियांख याने बुतेहामुन या लेखकाला एक जुने थडगे उघडण्याचा आदेश दिल्याचे पत्र उपलब्ध आहे. पुरोहितांनी पूर्वराजांचे देह लपविले, नव्याने गुंडाळले, ही त्यांची पुण्याई खरी. परंतु गुंडाळण्यापूर्वी त्यांच्या अंगावरचे सोने काढून घेतले गेले, असे आता बहुतेक संशोधक मानतात. मेर्नेप्ताहचा देह १८९८ साली दुसऱ्या आमेनहोतेपच्या थडग्यात सापडला, तोही सेतनख्त या तिसऱ्याच राजाच्या पेटीत. शिलापेटी उत्तरेकडे तानिसला, देह दक्षिणेत परक्याच्या घरी, अशी त्या राजाची वाताहत झाली.

यावरून एकविसावा राजवंश दरिद्री व लुटारू होता असा निकाल अनेकांनी देऊन टाकला आहे. मला तो घाईचा वाटतो. मेर्नेप्ताहची शिलापेटी आणविली ती काही रात्रीच्या चोरीने नव्हे. ती शेकडो मैल नदीतून खाली नेण्यास थेबेसच्या पुरोहितांची संमती लागली असणार. राज्य दोन केंद्रांत वाटले गेले असताही त्यांच्यात देवघेव चालू होती, असाच त्याचा अर्थ. आणि चांदीच्या शवपेटीवरचे कसब उसने नाही. तेथे काम करणारा कारागीर आपल्या कलेत पूर्वजांहून उणा नव्हता. उणा होता तो दगड.

समाधीतील अस्थी डॉ. डग्लस डेरी याने तपासल्या. १९२५ साली तूतानखामेनचा देह तपासणारा शरीरशास्त्रज्ञ तो हाच. त्या वेळी त्याच्यापुढे विशीही न गाठलेला मुलगा होता. या खेपेस आढळला सांधे धरलेला, दात किडलेला वृद्ध. त्याच्या कंठ्यातील एका लाजवर्दी मण्यावर असुरियाच्या कीलाक्षरांत मजकूर कोरला आहे. तेथील एका महामात्याने आपल्या मुलीसाठी केलेले ते दान. अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींची ख्याती असलेला हा निळा दगड असुरियातून इजिप्तच्या राजाच्या गळ्यापर्यंत कोणत्या हातांतून आला, याची नोंद त्या मण्यावर नाही.